अर्ध्या बेटाचं पूर्ण बेट : एका आर्क्टिक डोंगरावरून इतिहास वाचताना

पेटची किंवा नेटची तयारी करणाऱ्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांकडून एक प्रश्न वारंवार येतो : "आपल्या विषयाचा इतिहास वाचायची खरंच गरज आहे का? लिटरेचर रिव्ह्यूमध्ये मागच्या दहा वर्षांचे पेपर आले की झालं ना?" आज या प्रश्नाला थेट उत्तर न देता आपण एक डोंगर चढू या.

डोंगर फार उंच नाही. ५५६ मीटर. पण तो आहे ७९ अंश उत्तर अक्षांशाच्या जरा अलीकडे, उत्तर ध्रुवापासून साधारण १२०० किलोमीटरवर, स्वालबार्ड द्वीपसमूहातल्या स्पिट्सबर्गन या सगळ्यात मोठ्या बेटावर. नाव झेपेलिनफ्येलेट, म्हणजे झेपेलिनचा डोंगर. पायथ्याशी नी-ऑलेसुंड नावाचं चिमुकलं गाव आहे. हिवाळ्यात तिथे तीस-चाळीस माणसं राहतात, उन्हाळ्यात शंभराच्या वर. त्यांतले बहुतेक संशोधक, नाहीतर संशोधकांची राहण्या-जेवणाची व्यवस्था बघणारे. भारताचं 'हिमाद्री' हे केंद्र याच गावात आहे. ते २००८ च्या जुलैमध्ये सुरू झालं, आणि त्याचा सगळा कारभार आपल्या शेजारच्या गोव्यातून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो.

हा डोंगर चढायला विमानाचं तिकीट लागत नाही. नॉर्वेजियन पोलर इन्स्टिट्यूटने स्वालबार्डचा तपशीलवार नकाशा इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवलाय. तो उघडा, नी-ऑलेसुंड शोधा आणि दक्षिणेकडे वर चढायला लागा. पायी जाणाऱ्यांना गावाची हद्द ओलांडताना पांढऱ्या अस्वलांपासून बचावासाठी बंदूक सोबत घ्यावी लागते, नंतर सुट्या दगडांच्या घसरड्या उतारावरून वाट काढावी लागते. आपण बसल्या जागी चढतोय, तेव्हा आपल्याला सोपं आहे. फक्त एक नियम पाळायचा. वाटेत जे जे दिसेल, त्याबद्दल विचारायचं : हे इथे का आहे, आणि केव्हापासून?

गावाबाहेरचा खांब

गावातून निघालात की डावीकडे मोकळ्या माळावर एक लोखंडी मनोरा दिसतो. आज त्याला काहीही बांधलेलं नसतं. १९२६ च्या मे महिन्यात त्याला 'नॉर्गे' नावाचं हवाई जहाज बांधलं होतं. रोआल्ड आमुंडसेन, लिंकन एल्सवर्थ आणि इटालियन अभियंता उंबेर्तो नोबिले हे ११ मे रोजी त्यातून निघाले, १२ मे रोजी ध्रुवावरून गेले आणि १४ मे रोजी अलास्कातल्या टेलर या वस्तीजवळ उतरले.

त्यांच्या दोनच दिवस आधी, ९ मे रोजी, याच गावातून अमेरिकेचा रिचर्ड बर्ड विमानाने उडाला होता. परत येऊन त्याने जाहीर केलं की आपण ध्रुवावर जाऊन आलो. तो खरंच पोचला होता का यावर वाद सुरू झाला. १९९६ मध्ये त्याची त्या उड्डाणातली डायरी पुढे आली. त्यात सेक्स्टंटने घेतलेल्या काही नोंदी खोडलेल्या होत्या, तरी वाचता येत होत्या. वादाला नवं खाद्य मिळालं. लॅबमधली नोंदवही हा प्रकार तुम्हाला कंटाळवाणा वाटत असेल तर हे ध्यानात ठेवा : सत्तर वर्षांनी एखाद्या दाव्याची तपासणी झाली ती वर्तमानपत्रांतल्या बातम्यांवरून झाली नाही, रबराने खोडलेल्या आकड्यांवरून झाली.

आता डोंगराच्या नावाकडे येऊ. हवाई जहाजांशी ज्याचं नाव कायमचं जोडलं गेलं, तोच हा जर्मन काउंट झेपेलिन. तो १९१० च्या उन्हाळ्यात प्रशियाचा राजपुत्र हाइनरिश आणि हवामानशास्त्रज्ञ हुगो हेर्गेसेल यांच्याबरोबर स्पिट्सबर्गनला आला होता. हवाई जहाजातून ध्रुवीय प्रदेशाचा अभ्यास करता येईल का, हे त्यांना पाहायचं होतं. त्यासाठी आधी इथली वरच्या थरातली हवा कशी वागते ते कळायला हवं. म्हणून पुढे शेजारच्या क्रॉसफ्योर्डच्या काठी जर्मनांनी एक वेधशाळा चालवली. १९१२-१३ मध्ये तिचा प्रमुख होता कुर्ट वेगनर. भूखंड सरकतात असं मांडणाऱ्या आल्फ्रेड वेगनरचा हा थोरला भाऊ. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि ते काम थांबलं.

म्हणजे डोंगराचं नाव झेपेलिनचं, पण ध्रुव ओलांडणारं जहाज इटालियन बनावटीचं. आणि हवेचा अभ्यास ज्या साधनासाठी सुरू झाला, ते साधन काही वर्षांत मागे पडलं, अभ्यास मात्र उरला. असं विज्ञानात बऱ्याचदा होतं. तुमच्या विषयातली एखादी मोजमापाची पद्धत मुळात कशासाठी जन्माला आली हे शोधून बघा, गंमत वाटेल.

पायथ्याची खाण

पण आमुंडसेन आणि बर्ड दोघेही याच गावात का आले? ध्रुवाच्या जवळ म्हणून, हे अर्धं उत्तर झालं. नुसतं जवळ असून भागत नाही. जहाज लागेल असा धक्का हवा, माल वाहायला रूळ हवेत, कार्यशाळा हवी, हाताखाली माणसं हवीत. हे सगळं इथे होतं, कारण इथे कोळशाची खाण होती.

काँग्सफ्योर्डच्या काठी कोळसा आहे हे जोनास पूल या इंग्रज खलाशाने १६१० मध्येच नोंदवलं होतं. १८६१ च्या स्वीडिश मोहिमेबरोबर आलेल्या क्रिस्तियान विल्हेल्म ब्लोमस्ट्रांड या शास्त्रज्ञाने इथल्या खडकांचा अभ्यास केला. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. १९१६ मध्ये नॉर्वेतल्या ऑलेसुंड शहरात 'किंग्ज बे' ही कोळसा कंपनी स्थापन झाली. त्या शहरावरूनच गावाचं नाव पडलं नी-ऑलेसुंड, म्हणजे नवं ऑलेसुंड. १९२९ मध्ये खाण बंद पडली, दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा सुरू झाली. कोळसा वाहणारं छोटं इंजिन आजही गावात जपून ठेवलेलं आहे. पर्यटक त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढतात.

डोंगराच्या पायथ्याशी आलात की त्या खाणीच्या खुणा दिसू लागतात. इथे जरा थांबा.

५ नोव्हेंबर १९६२ रोजी या खाणीत स्फोट झाला आणि २१ कामगार मेले. त्याआधीही इथल्या स्फोटांत माणसं गेली होती. खाण सरकारी मालकीची होती. त्यामुळे सुरक्षिततेकडे दुर्लक्ष झालं का आणि कुणाकडून झालं, हा प्रश्न थेट नॉर्वेच्या संसदेत गेला. १९६३ च्या ऑगस्टमध्ये आइनार गेर्हार्डसेन यांचं सरकार याच प्रकरणावरून अविश्वास ठराव हरलं. खाण कायमची बंद झाली. १९६८ पासून नॉर्वेजियन पोलर इन्स्टिट्यूटने इथे संशोधन केंद्र चालवायला सुरुवात केली.

आता ही गोष्ट लिहिण्याचा एक गुळगुळीत प्रकार आहे. 'कोळशाचं गाव हवामान संशोधनाचं गाव झालं.' व्याख्यानाच्या पहिल्या स्लाइडवर छान दिसतं. पण या वाक्यातून २१ माणसं गळून पडतात. कोळसा संपला म्हणून, किंवा जगाला शहाणपण आलं म्हणून ही खाण बंद झाली नाही. माणसं मेली, आणि त्यांच्या मृत्यूचा जाब विचारणारी संसद होती, म्हणून ती बंद झाली. मागे उरली घरं, धक्का, वीजनिर्मितीची सोय आणि 'किंग्ज बे' ही सरकारी कंपनी. आजही गाव तीच कंपनी चालवते. विज्ञान या तयार घरात राहायला आलं.

याचा अगदी नेमका पुरावा हवा असेल तर गावाच्या नैर्ऋत्येला 'ग्रूवेबादेत' नावाची प्रयोगशाळा बघा. हवेतल्या सूक्ष्म कणांची मोजमापं तिथे होतात. भारतीय गटांची उपकरणंही तिथे चालवली गेली आहेत. नॉर्वेजियन भाषेत 'ग्रूवे' म्हणजे खाण आणि 'बाद' म्हणजे आंघोळ. पाळी संपवून बाहेर आलेले कामगार जिथे अंगावरची कोळशाची भुकटी धुवायचे, ती ही जागा. आज त्याच ठिकाणी हवेतल्या काजळीचं प्रमाण मोजतात. पेपरच्या 'मेथड्स' विभागात हे एका ओळीत येतं : नमुने ग्रूवेबादेत इथे घेतले. ओळ बरोबर आहे, त्यात काही खोट नाही. पण त्या नावाचा अर्थ माहीत असलेला विद्यार्थी आणि माहीत नसलेला विद्यार्थी ती ओळ एकसारखी वाचत नाहीत.

मागे वळून बघा : अर्धं बेट

निम्मा चढ झाला की मागे वळून उत्तरेकडे पाहा. खाली गाव, त्यापलीकडे काँग्सफ्योर्डचं पाणी. उजव्या हाताला फ्योर्डच्या टोकाशी हिमनद्या समुद्रात उतरतात. त्यांच्या मागे तीन सुळके ओळीने उभे आहेत, त्यांना 'तीन मुकुट' म्हणतात. स्वेआ, नोरा आणि दाना ही त्यांची नावं अनुक्रमे स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्क या देशांवरून पडली. आणि गावाच्या बरोबर समोर, पाण्यापलीकडे, एक बुटका, गोलसर, करड्या खडकांचा भूभाग आहे.

नकाशात त्याचं नाव वाचा : ब्लोमस्ट्रांडहाल्वोया. मघाच्या ब्लोमस्ट्रांडचंच नाव. 'हाल्व' म्हणजे अर्धं, 'ओय' म्हणजे बेट. अर्धं बेट. आपल्या मराठीतही 'द्वीपकल्प' म्हणजे जवळजवळ द्वीप, द्वीपासारखं. दोन्ही भाषांनी एकच कल्पना केली आहे : तीन बाजूंना पाणी, एका बाजूला जमीन.

आता नकाशा मोठा करा आणि ती चौथी बाजू शोधा. सापडणार नाही. चारही बाजूंना पाणी आहे. नाव द्वीपकल्पाचं, आणि समोर पूर्ण बेट.

नकाशा काढणाऱ्यांनी चूक केली का? नाही. त्यांच्या काळी उत्तरेकडून ब्लोमस्ट्रांडब्रेन ही हिमनदी खाली उतरून या भूभागाला टेकलेली होती. 'ब्रे' म्हणजे हिमनदी. बर्फाखाली जमीन आहे की समुद्र, हे वरून दिसत नव्हतं. जे दिसत होतं त्यावरून द्वीपकल्प हेच नाव योग्य होतं. विसाव्या शतकात हिमनदी मागे सरकत गेली, आणि १९९० च्या दशकात ती या भूभागापासून सुटली. मध्ये खडक निघाला नाही, समुद्र निघाला. भूगोल बदलला, नाव तसंच राहिलं.

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ब्लोमस्ट्रांड हे नाव ओळखीचं वाटलं असेल. कोऑर्डिनेशन कम्पाउंड्स शिकताना वर्नरच्या सिद्धांताच्या आधी एक पायरी येते, ब्लोमस्ट्रांड आणि योर्गेनसेन यांचा शृंखला सिद्धांत. धातूला जोडलेले अमोनियाचे रेणू साखळीसारखे एकापुढे एक असतात, असं तो सांगायचा. १८९३ मध्ये आल्फ्रेड वर्नरने वेगळी मांडणी दिली आणि पुढे साखळी मोडीत निघाली. तो ब्लोमस्ट्रांड म्हणजे हाच.

या एका माणसाच्या नावाने आपल्याला दोन वेगळे प्रकार ओळखायला शिकता येतं, आणि संशोधनात हा फरक कळणं फार गरजेचं आहे. शृंखला सिद्धांत चुकीचा होता. तो १८९३ च्या आधीही चुकीचाच होता, फक्त तेव्हा ते कळलं नव्हतं. 'अर्धं बेट' हे नाव मात्र चुकीचं नव्हतं. ते एका विशिष्ट वर्षी केलेलं, त्या वर्षापुरतं योग्य निरीक्षण होतं. एक स्पष्टीकरण रद्द झालं, दुसऱ्या बाबतीत जगच बदललं. जुने पेपर वाचताना तुम्हाला आजच्याशी न जुळणारं काही सापडलं की सवयीने 'त्यांना माहीत नव्हतं' असा शेरा मारू नका. आधी विचारा, त्यांचं चुकलं होतं, की तेव्हा खरंच तसं होतं? परिसंस्था, नद्या, रोगजंतूंची औषधांना दाद देण्याची क्षमता, शहरातली हवा, अशा बदलत्या गोष्टींवर काम करणाऱ्यांसाठी तर जुना 'न जुळणारा' आकडा हाच सगळ्यात मोलाचा असू शकतो.

त्याच बेटावर एक छोटा धडा अजून पडलेला आहे. अर्नेस्ट मॅन्सफील्ड नावाच्या इंग्रज शोधकाला इथे संगमरवर सापडला. १९११ च्या सुमाराला लंडनच्या भांडवलावर खाणीची वसाहत उभी राहिली. यंत्रं आली, घरं बांधली गेली. दगड दिसायला सुरेख होता. पण हजारो वर्षांच्या गोठण्या-वितळण्याने तो आतून भेगाळलेला होता. इथून बाहेर नेल्यावर तो टिकत नसे. काही वर्षांत काम सोडून द्यावं लागलं. तिथली काही घरं नंतर फ्योर्ड ओलांडून नी-ऑलेसुंडला आणली गेली. त्यांना अजून 'लंडन' म्हणतात आणि त्यांत आज संशोधक राहतात. गोठलेल्या अवस्थेत तपासलेला नमुना वितळल्यावर कसा वागेल, हे आधी बघावं लागतं. नमुन्याची परिस्थिती बदलली की नमुना बदलतो, हे सांगायला यापेक्षा महागडं उदाहरण मला सापडलेलं नाही.

दोन फोटो पुरेसे आहेत का?

ब्लोमस्ट्रांडब्रेन समोर दिसतेच आहे, तर एका अवघड गोष्टीवर बोलू.

या हिमनदीचा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा फोटो आणि अलीकडचा फोटो शेजारी ठेवला तर फरक धक्कादायक दिसतो. एकात बर्फाची भिंत, दुसऱ्यात मोकळं पाणी. अशा जोड्या हवामानबदलाचा पुरावा म्हणून फिरल्या, आणि त्यांच्यावर आक्षेपही घेतले गेले. आक्षेपात दम होता. स्वालबार्डमधल्या अनेक हिमनद्या 'सर्ज' प्रकारच्या आहेत. म्हणजे त्या बराच काळ मंद असतात, मागे हटत राहतात, आणि मग अंतर्गत कारणांमुळे काही वर्षं झपाट्याने पुढे धावतात. ब्लोमस्ट्रांडब्रेनही त्यांतलीच. १९६० च्या सुमाराला ती पुढे आली होती, आणि २००७ नंतरच्या काही वर्षांतही पुन्हा आली. तेव्हा तिचं टोक कुठे आहे यावरून हवामानाबद्दल सरळ निष्कर्ष काढता येत नाही. तुम्ही नेमक्या कोणत्या वर्षांचे दोन फोटो निवडले, यावर गोष्ट बदलते.

मग आर्क्टिक तापतंय हे खोटं? मुळीच नाही. पुरावा दुसरीकडे आहे, आणि तो याच डोंगराच्या कुशीत आहे. झेपेलिन डोंगराच्या आसपास आउस्त्रे ब्रॉगरब्रेन आणि मित्रे लोव्हेनब्रेन या दोन लहान हिमनद्या आहेत. जमिनीवरच संपणाऱ्या, दिसायला साध्या. नॉर्वेजियन पोलर इन्स्टिट्यूट पहिलीचा १९६७ पासून आणि दुसरीचा १९६८ पासून दरवर्षी हिशोब ठेवतं : हिवाळ्यात किती बर्फ जमा झाला, उन्हाळ्यात किती गेला. पद्धत अगदी साधी आहे. बर्फात काठ्या रोवायच्या आणि वर्षानुवर्षं त्या वाचायच्या. या पन्नासहून जास्त वर्षांत जवळजवळ प्रत्येक वर्षी हिशोब तोट्यात निघाला आहे.

बघा, काय घडलं. जो पुरावा डोळ्यांत भरतो तो कच्चा निघाला, आणि ज्याचा फोटोही कुणी काढणार नाही तो भक्कम निघाला. पहिल्यात दोन तारखा होत्या, दुसऱ्यात पन्नास. शिवाय एक जबाबदारीही आहे. खरी गोष्ट सिद्ध करायला आपण कच्चा पुरावा वापरला, की तो पुरावा पडताना खऱ्या गोष्टीलाही घेऊन पडतो. आपली बाजू बरोबर आहे म्हणून आपला आलेख आपोआप बरोबर ठरत नाही. गाईडच्या खोलीत, सेमिनारमध्ये किंवा व्हायव्हामध्ये हे कुणीतरी विचारणारच आहे. त्याआधी तुम्हीच स्वतःला विचारलेलं बरं.

४७४ मीटर

माथ्याच्या थोडं खाली, कड्यावर एक इमारत आहे. ही झेपेलिन वेधशाळा, १९९० च्या सुमारास सुरू झालेली. समुद्रसपाटीपासून उंची ४७४ मीटर. कर्मचाऱ्यांना वर नेण्यासाठी छोटा रोपवे आहे. इतका खटाटोप कशाला? गावातच उपकरणं का नाही ठेवली?

इथे हवेचे थर समजून घ्यावे लागतात. थंड प्रदेशात जमिनीलगतची हवा बऱ्याचदा वरच्या हवेपेक्षा गार असते. गार हवा जड, ती खालीच बसून राहते. तिच्यावर तुलनेने उबदार हवेचं झाकण बसतं. याला तापमानाचं व्युत्क्रमण म्हणतात. गावात डिझेलवर वीज बनते, गाड्या फिरतात, उन्हाळ्यात जहाजं येतात. त्या सगळ्यांचा धूर या झाकणाखाली अडकतो. वेधशाळा बहुतेक वेळा झाकणाच्या वर असते. म्हणून तिथे मोजलेली हवा गावाची नसते, दूरवरून वाहत आलेली असते. हिवाळ्याच्या अखेरीस आणि वसंतात युरोप-आशियातलं प्रदूषण इथवर पोचतं, ते याच उंचीवर नीट पकडता येतं.

म्हणजे निसर्गसौंदर्यासाठी प्रसिद्ध असलेली ही जागा विज्ञानाने निवडली ती देखाव्यासाठी नाही. आणि विज्ञानही इथे निष्पाप नाही. जे मोजायचं तेच थोडंफार आपणही हवेत सोडतो, हे मान्य करून, त्याच्या वर चढून मोजण्याची ही सोय आहे. ग्रूवेबादेत खाली आणि झेपेलिन वर, अशा दोन उंचींवरच्या नोंदी शेजारी ठेवल्या की स्थानिक काय आणि दूरचं काय, हे वेगळं करायला मदत होते.

वेधशाळा सुरू झाली तेव्हा जगाच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण साधारण ३५५ पीपीएम होतं. आज ते ४२० च्या वर आहे. ज्या डोंगराच्या पायथ्याशी एकेकाळी कोळसा खणला, त्याच डोंगराच्या खांद्यावर कोळशाचा हिशोब लिहिला जातोय.

माथ्यावर

शेवटचा चढ संपवून ५५६ मीटरवर या. आता हा देखावा तुम्हाला पहिल्यासारखा दिसू नये. खांब, खाण, आंघोळीची जागा, अर्धं बेट, दोन साध्या हिमनद्या, कड्यावरची इमारत. प्रत्येक गोष्टीवर एक तारीख आहे. स्वालबार्डचा कायदाही तारखेनेच चालतो : १९४६ च्या आधीची माणसाची कुठलीही खूण तिथे आपोआप संरक्षित वारसा ठरते, मग तो गंजलेला डबा का असेना.

भारताचं इथे असणंही तारखांचंच फलित आहे. ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये स्पिट्सबर्गन करार झाला. त्याने या बेटांवर नॉर्वेचं सार्वभौमत्व मान्य केलं आणि करारातल्या इतर देशांच्या नागरिकांना काही समान हक्क दिले. ब्रिटिश साम्राज्याच्या वतीने सह्या झाल्या त्यांत भारताचंही नाव होतं. पारतंत्र्यात, आपल्याला न विचारता झालेली ती सही. भारताची पहिली वैज्ञानिक तुकडी इथे पोचायला २००७ साल उजाडलं.

आणि सगळ्यात शेवटी, तुम्ही ज्यावर उभे आहात ती जमीन. तारीख बदलते, पण निदान जागा तरी पक्की, असं वाटतं ना? गावाजवळ मोठे अँटेना आहेत. ते अतिदूरच्या क्वेसारकडून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपून पृथ्वीवरची स्थानं मिलिमीटरच्या हिशोबात मोजतात. त्यांना अडथळा नको म्हणून नी-ऑलेसुंडमध्ये वायफाय, ब्लूटूथसारख्या लहरींवर बंधनं आहेत. या मोजमापांतून कळतं की इथली जमीन दरवर्षी काही मिलिमीटर वर येते आहे. बर्फाचं ओझं कमी होतंय, हिमयुगातलंही आणि आजचंही, आणि दबलेली जमीन हळूहळू उसळते आहे. म्हणजे ५५६ या आकड्यालाही तारीख लागते.

सुरुवातीच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे. इतिहास वाचायचा तो प्रस्तावनेत दोन परिच्छेद सजवण्यासाठी नव्हे. हातात आलेला प्रत्येक आकडा कुठे उभं राहून, कधी, आणि कुणाच्या कष्टावर मिळाला, हे कळण्यासाठी वाचायचा.

या आठवड्यात एक सराव करा. तुमच्या विषयातलं रोजच्या वापरातलं एक नाव निवडा. एखादी पद्धत, प्रजाती, स्थळ, स्थिरांक, काहीही. ते नाव पहिल्यांदा कुणी, कोणत्या वर्षी, काय बघून दिलं ते शोधा. मग ठरवा : ते आज जुळत नसेल तर तो शृंखला सिद्धांतासारखा प्रकार आहे, की अर्ध्या बेटासारखा? एका पानात लिहून काढा. पानाच्या वरच्या कोपऱ्यात आजची तारीख आणि तुम्ही बसलात त्या गावाचं नाव घाला. खाडाखोड झाली तर ती खोडरबराने पुसू नका, एक सरळ रेघ मारा, खालचं वाचता येईल अशी.